पाण्यातला सरवा

अक्काच्या रानात कालपासून ज्वारी उपटायला सुरुवात झाली आहे. मी ओसरीवर बसून हे लिहिते आहे, आणि समोरच्या वाटेनं रानाकडं जाणाऱ्या-येणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येतंय. माघाचं ऊन अजून पुरतं तापलेलं नाही. पण वाळलेल्या ताटांचा तो कोरडा, किंचित गोडसर वास हवेत आलाच आहे. या वासानं मला पूर्वी शाळा आठवायची, वार्षिक परीक्षा आठवायची, तळहाताला आलेले फोड आठवायचे. आता फक्त मागचा माघ आठवतो. त्या एका माघानं माझ्या बाकीच्या सगळ्या माघांची वाट लावली. हा वास आला की उठून कुठंतरी निघून जावंसं वाटतं, आणि तरी रजा टाकून मी नेमकी याच दिवसांत इथं आले आहे.

अक्का माझी थोरली बहीण. अणदूरला दिलेली. आमचं माहेर मुरुमच्या अलीकडचं, जिथं बोलताना निम्मे शब्द कानडी निघतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी शिकत शिकत रसायनशास्त्रात शिरले आणि आता इथून फार लांब, पूर्वेकडच्या एका शहरात एका संशोधन संस्थेत नोकरी करते. अक्का शिकली असती तर माझ्यापेक्षा पुढं गेली असती, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. अक्का त्यावर म्हणते, "मी शिकले असते तर हिला कोण शिकवलं असतं?" हे ती चेष्टेत म्हणते, पण त्यात खोटं काही नाही.

अणदूरचा खंडोबा मार्गशीर्षात नळदुर्गला जातो आणि पौषातली तिथली यात्रा झाली की परत अणदूरला येतो. देव घरी आल्याशिवाय ज्वारीला हात लावायचा नाही, असा अक्काच्या सासरचा रिवाज. तोवर कणसं भरतात, पाखरं येतात, हुरडा होऊन जातो. मग एके दिवशी देव वाजतगाजत परततो आणि दुसऱ्या दिवसापासून रान वाजायला लागतं. ज्वारी उपटण्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. दोन-तीन ताटं एकत्र मुठीत धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळं वर आली की ती पायावर आपटून माती झाडायची. हिसका आणि आपट, हिसका आणि आपट, असं दिवसभर चालतं. अंगाला बारीक कूस लागते ती अंघोळ केली तरी जात नाही. हल्ली माणसं मिळत नाहीत म्हणून टोळ्यांना गुत्त्यानं, ठोक रकमेवर, काम देतात, सोयाबीन आणि ऊस आल्यापासून ज्वारीचं रानही आक्रसलंय, पण आवाज तोच आहे.

आणि ज्वारी निघाली की सरवा.

शहरातल्या माझ्या मैत्रिणींना सरवा हा शब्द माहीत नसतो, म्हणून सांगते. मालकानं पीक काढून नेलं की रानात काहीबाही पडून राहतं. पेंढीतून निसटलेली कणसं, पाखरांनी अर्धी खाल्लेली, बुटक्या ताटाची म्हणून कुणाच्या मुठीत न आलेली. ती वेचून आणायची, त्याला सरवा म्हणायचं. आमची आई आम्हा दोघींना घेऊन जायची. शेवटची पेंढी बैलगाडीत चढेपर्यंत बांधावर बसून राहायचं, रानात पाऊल टाकायचं नाही. गाडी हलली की मालकानं मागं वळून बघायचं नाही आणि आम्ही उठायचं. माझ्या वयाच्या पोरी धावत सुटायच्या. अक्का मात्र गडबड करायची नाही. ती जिथं पेंढ्या रचल्या होत्या तिथं जाऊन उकिडवी बसायची आणि बोटांनी पाचोळा चाळायची, आणि आम्ही धावून आणलेल्यापेक्षा तिच्या ओच्यात नेहमी जास्त निघायचं. त्याचा मला भयंकर राग यायचा. "तुला कोण सांगतं गं कुठं हाय ते?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "पडलेल्याचा बी ठाव असतोय, रेखे."

आमच्या घरात सरव्याचा एक कायदा होता. सरवा वेचणारीचा. बाईच्या ओच्यात आला की त्याच्यावर शेतमालकाचा हक्क नाही, नवऱ्याचा नाही, सासूचाही नाही. अक्काचं वेगळं गाडगं होतं. एकदा पाहुणे आले आणि घरात ज्वारी संपलेली. वडील त्या गाडग्याकडं बघत उभे राहिले. आई शेजारच्या घरातून पीठ मागून आली, पण गाडग्याला तिनं हात लावला नाही. "त्यो पोरीचा सरवा हाय," एवढंच म्हणाली. वडिलांनीही पुढं काही काढलं नाही. पुढं त्याच गाडग्यातली ज्वारी दुकानात देऊन अक्कानं मला कंपासपेटी आणली होती. तिचा सरवा, तिनं कुणालाही द्यावा, अशी त्यातली गोष्ट होती. हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते आहे त्याला कारण आहे.

माझं काम आता सांगते. आमच्या संस्थेत एक भलंमोठं यंत्र आहे. अणूंचे गाभे घ्यायचे, त्यांना प्रचंड वेग द्यायचा आणि एका पातळ पत्र्यावर आदळायचे, हे त्या यंत्राचं काम. आदळल्यावर जे निघतं त्याचा अभ्यास करणारे लोक वेगळे, ते या रानाचे मालक. पण सोडलेल्यांपैकी फार थोडे गाभे पत्र्यावर आदळतात. बाकीचे तसेच पुढं निघून जातात, आणि त्यांना कुठंतरी थांबवावं लागतं. त्यासाठी पुढं पाण्याची टाकी असते. वेगानं आलेले गाभे त्या पाण्यात शिरतात, पाण्यातल्या अणूंना धडकत धडकत थांबतात, आणि त्या धडकाधडकीत नवेच किरणोत्सारी अणू तयार होतात. बरीच वर्षं ते पाणी म्हणजे नुसती कटकट मानली जायची. ते गार ठेवा, त्याच्यावर पहारा ठेवा, त्याच्या जवळ जाऊ नका. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या पाण्यात जे पडून आहे त्यातलं काही औषधाला उपयोगी आहे. तेव्हापासून आम्ही चार-पाच जण ते पाणी नळीवाटे बाहेर घेतो, बारीक मण्यांनी भरलेल्या दुसऱ्या नळीतून सोडतो, आणि हवे ते अणू त्या मण्यांना चिकटवून धरतो. नंतर आम्लानं ते धुऊन काढायचे. सगळं शिशाच्या विटांआडून, लांब दांड्यांच्या चिमट्यांनी.

आम्हाला हवं असतं ते स्कँडियम नावाच्या धातूचं एक रूप. ते रोगट पेशी शोधत जाणाऱ्या रेणूला बांधलं, तर शरीरात नेमकं जागेवर जाऊन किरण सोडेल, आजूबाजूचं फारसं न जाळता, अशी आशा आहे. आशा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कारण त्याच्याबरोबर पाण्यातून आणखी दहा गोष्टी येतात. त्या सगळ्या वेगळ्या काढाव्या लागतात. शिवाय ते साठवून ठेवता येत नाही. तीन-साडेतीन दिवसांत निम्मं उरतं, मग त्या निम्म्याचं निम्मं. आम्ही धावत असतो आणि ते आमच्यासमोर संपत असतं. मालक लोकांचा प्रयोग चालू असेल तेव्हाच आम्हाला पाणी मिळतं. "तुम्ही तुमचं पाणी बघा," असं ते हसून म्हणतात. बांधावर बसायची सवय असल्यामुळं मला त्याचं इतरांपेक्षा कमी वाईट वाटतं.

अक्काला मी हे काम सांगायला गेले तेव्हा दुसरा कुठला शब्द मला सुचणार होता? मी सांगितलं, मी मोठ्या यंत्राच्या पाण्यातला सरवा वेचते. तिला ते एका वाक्यात कळलं. माझ्या साहेबांना निधी मागताना ते सांगायला दहा पानं लागतात. अक्कानं पुढचाही प्रश्न बरोबर विचारला, "कशाला लागतोय त्यो?" मी म्हणाले, गाठीच्या रोगावर औषध व्हायचंय त्याचं. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं.

मागच्या माघाच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला तिला अंगावरून जायला लागलं. तिनं ते आधी लपवलं, जशा सगळ्या लपवतात, आणि मग सोलापूरच्या दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी धीर दिला. वेळेवर सापडलाय, शेक घ्यायचे, बरोबर सलाईनमधून औषध घ्यायचं, बऱ्या व्हाल. शेक म्हणजे बाहेरून सोडलेले किरण. आमच्याकडं सगळे त्याला शेकच म्हणतात. शनिवार-रविवार सोडले तर रोज जायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. अक्का रोज एसटीनं सोलापूरला जायची आणि संध्याकाळी परत यायची. कातडी काळी पडली, खाल्लेलं राहीना. आळीतल्या एका बाईची पूर्वी शेक घेताना पाठ सोलवटली होती, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. "भट्टीम्होरं बसल्यावानी वाटतंय, पर जातिया मी," असं फोनवर म्हणायची.

त्याच दिवसांत, देव नळदुर्गहून परत यायच्या सुमाराला, आमच्या नळीतून पहिल्यांदा स्वच्छ स्कँडियम निघालं. थोडंसंच, पण स्वच्छ. आम्ही चार-पाच जण त्या शिशाच्या भिंतीसमोर उभं राहून अक्षरशः नाचलो. मी बाहेरच्या व्हरांड्यात येऊन सगळ्यांत आधी अक्काला फोन लावला.

"अक्का, गावलं!"

"सरवा गावला?"

"व्हय, आणि चांगला निवडून गावलाय. आता खरं काम सुरू."

ती म्हणाली, "मग तू येणार हायस न्हवं, ज्वारीला?" मी म्हणाले, येते. माझ्या आनंदात मला तिच्या त्या विचारण्याचा अर्थ लागला नाही.

मी आले तो बुधवार होता. हायवेवर उतरले. हैदराबादकडून सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीत दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मुळातच कमी बोलणारे. त्या दिवशी तर त्यांनी माझी पिशवी घेतली आणि घराकडं न वळता गाडी थेट रानात घातली. आणि तिथं, बुधवारी, भर दुपारी, जेव्हा ती सोलापूरला मशीनखाली असायला हवी होती, तेव्हा माझी अक्का पदर खोचून ज्वारी उपटत होती.

मला बघून ती ताटं टाकून धावत आली. चेहरा असा फुललेला की मला क्षणभर वाटलं, शेक संपले, बरी झाली. मी तेच विचारलं.

"बंद केलेत," ती म्हणाली. "तुजा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं."

"बंद? कुणी सांगितलं बंद करायला?"

"कोण कशाला सांगतंय? तू आणणार हायस, मग उगं भट्टीम्होरं कशाला बसू?"

शेजारच्या पातीवरची एक म्हातारी बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाली, "तुमी औषीद आनलंय म्हनं अक्कासाठी. लई भाग्याची बहीन बाई." आणखी दोघी-तिघींनी माना हलवल्या. अक्कानं साऱ्या गावाला सांगितलं होतं. दाजींच्या हातातल्या माझ्या पिशवीकडं सगळ्या बघत होत्या, तिच्यात माझे कपडे आणि तिच्यासाठी आणलेली मिठाई होती.

मी तिला दंडाला धरून लिंबाखाली नेलं. मला राग आला की माझा आवाज चढतो, आणि त्या दिवशी तो साऱ्या रानाला ऐकू गेला. मी तिला सांगितलं की ते अजून औषध झालेलं नाही. आधी पेशींवर, मग उंदरांवर, मग कितीतरी परवानग्या, मग कुठं माणूस. मी सांगितलं की ते तुझ्या दुखण्यावर चालेल की नाही हेही कुणाला ठाऊक नाही. मी सांगितलं की मी रेल्वेत बसले तेव्हाच ते निम्म्यावर यायला लागलं असेल, मी इथं पोचेपर्यंत हातात काय उरलं असतं? ती ऐकत होती. मला वाटलं कळतंय तिला.

मग तिनं शांतपणे विचारलं, "पर येचलंस तूच न्हवं?"

"मी वेचलं म्हणून काय झालं? ते माझं नाही, अक्का. ते संस्थेचं आहे."

"रान त्यांचं असंल. यंत्र त्यांचं. पर पाण्यात पडलेलं त्यांनी टाकून दिलं व्हतं, आन् ते येचलंस तू. मग तुजंच की ते. आपल्या माणसाला द्यायला कुणाला इचारायचं?"

"अगं, तिथं तसं नसतं."

"म्हंजी तुमच्यात सरवा बी मालकाचाच?"

मी शास्त्राच्या दहा गोष्टी सांगितल्या असत्या, पण ती शास्त्राचं विचारतच नव्हती. तिच्या मनात कुठंही भाबडेपणा नव्हता. देवाचा अंगारा आणि माझं स्कँडियम यांतला फरक तिला चांगला कळत होता. तिनं ज्या कायद्यात मला वाढवलं, ज्या कायद्यानं माझी कंपासपेटी आली, त्याच कायद्यावर तिनं आपला जीव टांगला होता. हे आमच्याच घरातल्या माणसाला सुचू शकतं. त्या डॉक्टरांना हे सांगितलं असतं तर ते अडाणी म्हणून मोकळे झाले असते.

घरी गेले तर देवळीत खंडोबाच्या टाकाशेजारी एक नवाकोरा स्टीलचा डबा ठेवलेला. छोटासा, घट्ट झाकणाचा, हळदीचं बोट लावलेला. मी झाकण काढून बघितलं, आत काहीच नव्हतं. अक्का मागं येऊन उभी राहिली. "ह्यात मावलं असतं न्हवं?" तिनं विचारलं. चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, मला सांगता येणार नाही. मी झाकण लावून डबा होता तिथं ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून तिला सोलापूरला नेता येईल. ती हलेना. "पेंढ्या घरी आल्या की जाती," एवढंच. दाजी म्हणाले, "मी तुमास्नी फोन करणार होतो. पर ती म्हणली, रेखा आली की समदं ठीक व्हतंय, तिला तिकडं घोर नगं." ते हे सांगताना बैलाच्या वेसणीकडं बघत होते. मी त्यांच्यावरही ओरडले. ते ऐकून घेतात, हा त्यांचा मोठा दोष आहे.

खरं काय ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. ज्वारीचं निमित्त होतं. तिला लाज वाटत होती. सगळ्या गावाला सांगून बसली होती की माझी बहीण औषध आणतेय, आता कुठल्या तोंडानं पुन्हा एसटी स्टँडवर जाऊन उभी राहणार? दवाखान्यातले लोक विचारतील इतके दिवस का आला नाहीत, त्यांना काय सांगणार? जीवापेक्षा लाज मोठी, असं मी रागानं म्हणाले. ती म्हणाली, "तुला सोपं हाय. तू जाशील निघून."

मग मी वाद घालायचा बंद केला आणि ज्वारी उपटायला लागले. पेंढ्या घरी आल्या की जाते म्हणाली होती ना, मग पेंढ्या घरी आणायच्या. मला सवय राहिली नव्हती. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले आणि दुसऱ्या दिवशी फुटले, त्यावर चिंध्या गुंडाळून मी उपटत राहिले. गुत्त्याच्या टोळीला मी आणखी माणसं आणायला लावली. बाया माझ्याकडं बघून हसायच्या, शहरातली बाई पिसाळलीय असं म्हणायच्या. अक्का माझ्या शेजारची पात धरायची. आम्ही बोलत नव्हतो. तिचा हिसका आणि माझा हिसका, तिची आपट आणि माझी आपट. मध्येच तिला दम लागायचा, ती खाली बसायची. मी थांबायची नाही, कारण थांबले तर रडू आलं असतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती. शेकात खंड पडला की तो रोग वाट बघत बसत नाही. प्रयोगशाळेत मी आयुष्यभर घड्याळाशी झगडत आले, पण त्या चार काळ्या एकरांत मी ज्या भीतीनं झगडले ती भीती मला दुसरीकडं कुठं भेटली नाही.

शेवटची गाडी हलली तेव्हा दोन बाया आणि त्यांच्या पोरी बांधावरून उठल्या. दाजींनी मागं वळून बघितलं नाही. अक्का मात्र त्या पोरींकडं बराच वेळ बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर एसटीत बसली. साडी चांगली नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अक्काला काही बोल लावला नाही, मला बाहेर बोलावून लावला. "एवढा खंड पडायला नको होता. तुम्ही या क्षेत्रातल्या ना?" मी मान खाली घातली नाही. मी त्यांना सरव्याचं सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले, कारण मागं रांग होती. त्यांनी शेकांचा हिशेब पुन्हा मांडला आणि उपचार पुढं सुरू केले. अक्कानं ते सगळे पुरे केले. दाजी रोज बरोबर जायचे.

मी परत गेले तेव्हा आमच्या त्या पहिल्या स्कँडियममध्ये मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते शिशाच्या आड एका कुपीत तसंच ठेवलेलं होतं. तसा नियमच आहे, संपेपर्यंत ठेवायचं. कुणाला काही झालं नाही, कुणाला त्याचा उपयोगही झाला नाही. माझे सहकारी पुढच्या खेपेच्या तयारीला लागले होते, आणि मीही लागले. दुसरं काय करणार? पण त्या दिवसांत मी नळीसमोर उभी राहिले की मला आमचं यश खुपायचं. जे हाती लागलंय ते द्यायला माणूस आहे, नाव आहे, गाव आहे, आणि तरी ते द्यायचं नाही, हेच बरोबर आहे, हे मला पूर्ण पटतं आणि पूर्ण पटूनही सहन होत नाही.

आजारी माणसावर रागवू नये म्हणतात. मला अक्काचा राग येतो. एवढी हुशार बाई, पाचोळ्यातलं कणीस बोटानं ओळखणारी, तिनं मला एक साधा फोन करून का विचारलं नाही की रेखे, शेक बंद करू का? मग मला आठवतं की विचारायची तिला गरजच वाटली नव्हती. आपल्या माणसाच्या ओच्यातलं आपल्याला मिळणार, यात विचारायचं काय? तिनं मला दिलं तेव्हा मीही कुठं विचारलं होतं? असं आठवलं की राग जातो आणि त्याच्या जागी जे येतं ते रागापेक्षा वाईट असतं.

या मार्गशीर्षात तिची पाठ दुखायला लागली. पौषात तपासणी झाली. सोलापूरला ज्या औषधानं अंगातल्या रोगाचा फोटो निघतो, ते हैदराबादकडच्या अशाच एका यंत्रात बनतं आणि शिशाच्या डब्यात बसून आमच्या याच हायवेनं, उमरग्यावरून, अणदूरवरून येतं, वाटेत दर दोनेक तासांनी निम्मं होत. ते वेळेवर पोचलं. फोटोत पाठीच्या मणक्यांत आणि फुप्फुसात ठिपके दिसले. त्याच डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा बाहेर बोलावलं. या वेळी त्या रागावल्या नाहीत, त्यावरून मी समजायचं ते समजले. मागच्या माघातल्या त्या खंडामुळं हे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "असं एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येत." आता दुखणं कमी राहील एवढं बघायचं आहे.

अक्काला कुणी काही सांगितलेलं नाही आणि तिला सगळं माहीत आहे. तिची बाज आम्ही ओसरीवर आणली आहे, तिथून रानाकडची वाट दिसते. आज सकाळी मी तिला पेज भरवत होते. रानातून ज्वारी उपटायचा आवाज येत होता. चार चमचे झाल्यावर तिनं हातानं पुरे केलं.

"रेखे, तुमचं ते आलं का कुणाला द्यायाजोगं?"

मला वाटलं, पुन्हा स्वतःसाठी विचारतेय. "नाही अजून," मी म्हणाले. "उंदरांपर्यंत आलंय."

"मानसाला कवा?"

"वर्षं लागतील, अक्का. झालं तर."

ती वाटेकडं बघत राहिली. तोंड पुसायला मी पदर पुढं केला तर तिनं माझं मनगट धरलं. हाडं तेवढी उरली आहेत, पण पकड तीच, ताटं धरायची.

"मग तवर कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली. "बाया वाट बघत बसत्यात."

मी बरं म्हणाले. तिचा डोळा लागला आणि मी कागद घेऊन बसले. तिला दिलेला शब्द मी लगेच मोडते आहे, कारण न सांगून भागणार नाही असं मला वाटतं. तुमच्या घरात कुणाचे शेक चालू असतील तर ते पुरे करा. ज्वारी रानात राहू द्या, पाखरं खाऊ देत. कुणी हसलं तर हसू द्या. आम्ही पाण्यातून जे वेचतो आहोत ते अजून कुणाच्याही पदरात पडण्यासारखं नाही. माझी अक्का त्याच्यासाठी थांबली. तुम्ही थांबू नका.